गुप्तता कुणाची?

१९८९ च्या फेब्रुवारीत गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणास पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याने गुन्हा काहीच केला नव्हता. उलट तो नेमाने रक्तदान करीत असे, आणि त्याच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळला होता. अशा व्यक्तीस अलग ठेवावे, असे त्या वेळी गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदा सांगत होता. पूर्वी क्षयरोग्यांसाठी असलेल्या एका वास्तूत तो ६४ दिवस पहाऱ्यात राहिला. त्याच्या आईला मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. १९९२ मध्ये तो निवर्तला.

कायदे राबविणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हे प्रकरण मला विशेष बोचते. कायदा करणारांचा हेतू दुष्ट होता असे नव्हे. देवीच्या साथीत जे उपयोगी पडले, तेच त्यांनी येथे योजिले. परंतु हा विषाणू श्वासाने, स्पर्शाने वा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. असुरक्षित समागम, दूषित रक्त वा सुई, आणि बाधित मातेकडून अर्भकाकडे, एवढ्याच त्याच्या वाटा. निरोध, तपासलेले रक्त, नवी सुई व गरोदरपणी वेळीच चाचणी आणि औषध यांनी त्या अडविता येतात. पहाऱ्याने एवढेच होते की, रक्त तपासून घेण्यास माणूस धजत नाही. आणि ज्याला आपली बाधा ठाऊक नाही, तो ती नकळत दुसऱ्यास देतो.

उपदंश आणि परमा यांचीही गत तीच. उपदंशावर पेनिसिलीन आहे, परम्यावरही औषध आहे; पण लाजेपायी रोगी भोंदू वैद्याचे दार गाठतो, आणि अंगावर राहिलेल्या व्रणांतून एचआयव्हीचा शिरकाव अधिक सुलभ होतो. आपण यांना 'गुप्तरोग' म्हणतो खरे. पण ती गुप्तता रोगाच्या वाट्याला आली, रोग्याच्या नव्हे.

ती रोग्यास देऊ करणारा कायदा २०१७ मध्ये संमत झाला व २०१८ च्या सप्टेंबरात अमलात आला. संमतीवाचून चाचणी नाही, नाव उघड करणे नाही, बाधेपायी नोकरीवरून काढणे नाही. सरकारी केंद्रांतून औषध तर २००४ पासूनच मोफत मिळू लागले होते. ते नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीतही न दिसण्याइतका क्षीण झाला व तसाच राहिला, तर समागमातून जोडीदारास त्याची बाधा होत नाही.

मध्यंतरी एका रुग्णालयात जाणे झाले. केसपेपरच्या खिडकीशी रांग होती. आतील कारकुनाने एका तरुणास मोठ्याने विचारले, "कसली तपासणी?" तरुणाने मागे उभ्या माणसांकडे एकदा पाहिले आणि तो रांगेतून निघून गेला. कायद्यातील कलमे भिंतीवर, त्या खिडकीच्या अगदी शेजारी, चौकटीत लावलेली होती.