विकणाऱ्याला काय ठाऊक हवे?



सॉफ्टवेअर विकणाऱ्याला तंत्रज्ञान कळायला हवे का? हा प्रश्न घेऊन मुंबईत वर्सोव्याच्या बंदरावर जाऊ या.

त्याआधी एक माहिती: हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहांच्या नोंदींवरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य पाहते, आणि मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे ते मच्छीमारांना विनामूल्य कळवते. टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीने इन्कॉइस आणि सीएमएफआरआय (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) यांच्या साथीने हीच माहिती 'एम-कृषी' या मोबाइल सेवेमार्फत रायगडच्या मच्छीमारांच्या मोबाइलवर पोचवली. फार मोलाचे काम.

आता समजा, असेच एखादे ॲप विकायला कुणी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात आला. इथे बोंबील आणि जवळा धरणारी डोलजाळी पुष्कळ. डोल एका जागी बांधलेली असते. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर मासळी तिच्यात शिरते. उधाणाला ओढ जोराची, भांगाला मंद. अशी डोल लावणाऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, दूरवर बांगड्याचा थवा कुठे असेल हे सांगून काय उपयोग? त्याला हवी भरतीची वेळ आणि वादळाचा इशारा. शिवाय आभाळ भरून आले की तापमान आणि रंग टिपणाऱ्या या उपग्रहांना खालचे पाणी दिसत नाही, मग सूचनाही येत नाही. विक्रेत्याला प्रोग्रॅम लिहिता आला नाही तरी चालेल. पण पडद्यावरचा आकडा कशातून आला आणि तो कुठे लटका पडतो, हे ठाऊक नसेल तर तो नकळत फसवणूक करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचे उदाहरण घ्या. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीत शिरले, पुढे संगणकांच्या. १९९५ साली बाजारात आलेला त्यांचा अँटिव्हायरस त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी लिहिला. तो विकणाऱ्या कैलास यांच्या हाताखालून मात्र बिघडलेली यंत्रे गेलेली होती. गिऱ्हाइकाची अडचण त्यांनी उघडून पाहिली होती.

म्हणून कंपन्यांना माझी विनंती आहे: नव्या विक्रेत्याला आधी दुरुस्तीच्या टेबलाशी बसवा, जमल्यास होडीवरही पाठवा. आणि श्रोतेहो, काही विकत घेताना तुम्ही एवढे जरूर विचारा, "हे कुठे चालत नाही?" उत्तर मिळाले नाही तर पैसे देऊ नका.