प्रशांत महासागराचं तापमान आणि वर्ध्याचा पाऊस

समुद्र वर्ध्यापासून शेकडो किलोमीटर दूर. तरी हिंगणघाट-देवळीच्या कपाशीवरचा पाऊस प्रशांत महासागराच्या तापमानाशी जोडलेला आहे.

उपग्रहांच्या साहाय्याने तयार केलेली या तापमानाची रोजची नोंद अमेरिकेची नोआ ही संस्था मोफत देते, सप्टेंबर १९८१ पासूनची. त्यात पृथ्वीचे पाव-पाव अंशाचे चौकोन पाडलेले असतात. फाइलमध्ये आकडा असतो, समजा, २८४५, त्याला ०.०१ने गुणलं की २८.४५ अंश सेल्सिअस. जमिनीच्या चौकोनात असतं उणे ९९९, म्हणजे ‘नोंद नाही’. ते सरासरीत धरलं, तर हिशेब कोलमडलाच! पायथन या संगणकीय भाषेतलं एक्सअरे हे साधन हा गुणाकार आणि उणे ९९९ दोन्ही आपोआप सांभाळतं. रेखांश मात्र ० ते ३६० असे मोजलेले. १७० पश्चिम तिथे १९० होतो, हे आपणच पाहायचं.

१७० ते १२० पश्चिम, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५ अंश, हा प्रशांत महासागराचा पट्टा सरासरीपेक्षा किमान अर्धा अंश तापून काही महिने तसाच राहिला, की एल निनो. अशा वर्षी आपल्याकडे मोसमी पाऊस बहुधा कमी पडतो. २०१५मध्ये तो होता. देशात मोसमी पाऊस सरासरीच्या ८६ टक्केच झाला. १९९७चा एल निनो मात्र जबरदस्त असूनही पाऊस सरासरीइतका पडला. म्हणून पेरणी ठरवताना एवढ्यावर विसंबू नका. हवामान विभागाचा अंदाज ऐका आणि शिवारातली ओल तपासा.