बाळाचे तळपाय गार लागले तर
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील आरोग्यविषयक भाषण)



२०२३ च्या ऑक्टोबरच्या तोंडावर आपल्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यात १२ नवजात बाळं होती. औषधं, माणसं कमी पडली का, यावर खूप बोललं गेलं. बरेच रुग्ण शेवटच्या अवस्थेत आले, असं रुग्णालयाचं म्हणणं. त्या वादात मी पडत नाही. पण उशीर आपल्या घरातही होतो.

रक्तात जंतू पसरले की बाळाच्या हृदयाच्या स्नायूची ताकद कमी होते. मोठ्यांचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू शकतं. तान्ह्याला ते फारसं जमत नाही. ते नुसतं पळत राहतं. रक्तदाब घसरतो तो अगदी शेवटी. आणि ताप येईलच असं नाही, कधी अंग उलट गार पडतं.

लेकी लातूरहून बाळंतपणाला येतात, बाळाचं सगळं आजीच बघते. म्हणून आज्यांनो, तुम्हालाच सांगतो: बाळ दूध ओढत नाही, मलूल पडलंय, तळपाय गार, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, यातलं एक जरी दिसलं तरी दृष्ट काढत बसू नका. सकाळची वाट नको. १०८ ला फोन करा, आणि बाळाला आईच्या उराशी, अंगाला अंग लावून, वरून पांघरूण घालून न्या.