जोडपदवी कोणी घ्यावी व केव्हा घ्यावी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी विद्यार्थ्यांना चार शब्द सांगावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर मुलांना गणित शिकविलेला मनुष्य. परदेशच्या पदव्यांविषयी मी बोलावे हे काहींस धाडसाचे वाटेल. परंतु शिक्षणनिधीकडे येणारे अर्ज वाचण्याचे काम मंडळाने मजकडे सोपविले आहे, आणि अलीकडे त्यांत एक मागणी वारंवार आढळते. मुलगा इंजिनिअर झाला. आता अभियांत्रिकीची वरची पदवी व व्यवस्थापनाची एम.बी.ए. अशा दोन्ही एकदम घ्यावयाच्या आहेत, तरी कर्ज मिळावे.

ही कल्पना खुळी नव्हे. कुलुपांच्या कारखान्याचे चालक हेन्री टाउन यांनी १८८६ साली अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या सभेपुढे निबंध वाचून असे प्रतिपादले होते की, कारखाना चालविणाऱ्या अभियंत्यास खर्चाचा हिशेबही कळला पाहिजे. पुढे १९१४ साली बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एम.आय.टी.ने, अभियांत्रिकीस व्यवस्थापनाची जोड देणारा अभ्यासक्रम सुरू केला. जपानी मालापुढे अमेरिकेचे कारखाने मागे पडू लागले तेव्हा, १९८८ साली, त्याच संस्थेने कारखानदार कंपन्यांच्या साहाय्याने जोडपदवीची योजना आखली. आज ती ‘लीडर्स फॉर ग्लोबल ऑपरेशन्स’ या नावाने चालते. एरवी दोन पदव्यांस तीन-चार वर्षे लागावीत, ती येथे दोन वर्षांत मिळतात. हार्वर्ड विद्यापीठानेही २०१८ साली अशीच योजना काढली.

दोन वर्षांत दोन पदव्या हे ऐकून पालकांचे डोळे चमकतात. परंतु त्या योजनेचा गाभा निराळाच आहे. एम.आय.टी.च्या विद्यार्थ्यास त्या दोन वर्षांपैकी सुमारे सहा महिने एखाद्या कंपनीत जाऊन काम करावे लागते. माल कोठे अडतो, यंत्र रिकामे का राहते, गोदामात पैसा किती गुंतून पडला, असा एखादा खरा प्रश्न त्याच्या हाती दिला जातो आणि त्यावरच त्यास प्रबंध लिहावा लागतो. यंत्रशास्त्राचा अध्यापक व व्यवस्थापनाचा अध्यापक असे दोघेही तो प्रबंध पाहतात. शिवाय प्रवेशासाठी सामान्यतः किमान दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव अपेक्षित असतो. ज्याने कारखान्यात पाऊलही ठेवले नाही, त्यास अडलेले यंत्र व अडलेला पैसा यांचा संबंध फळ्यावर कितीही लिहून दाखवा, तो पाठ करील, परंतु त्यास उमगणार नाही. वर्गात हे मी त्रैराशिकाच्या बाबतीत पाहिले आहे. दुकानात बसणाऱ्या मुलास ते एका दिवसात येई.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. नांगर उत्तम होता. परंतु लोखंडाने जमिनीस विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तेव्हा नांगर घडविणे हे अर्धे काम, आणि तो शेतकऱ्याच्या गळी उतरविणे हे उरलेले अर्धे. दोन्ही अर्धी एकाच माणसाने पेलली म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहू शकली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव याच एम.आय.टी.तून १९२६ साली यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन आले. धंद्याचे शिक्षण त्यांना वाडीतच मिळाले.

दूर जाण्याचेही कारण नाही. मुंबईत पवईस १९६३ साली औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था निघाली. ‘निटी’ या नावाने आपण तिला ओळखत होतो. २०२३ पासून ती भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई झाली आहे. तिच्यासारख्या संस्थांची चौकशी न करता आधी राहती जागा गहाण टाकण्याचा विचार करणारे अर्ज माझ्यापुढे आले आहेत.

कर्जाचा हिशेब पालक फीपुरताच मांडतात. त्यात दोन वर्षांचा बुडालेला पगार धरावा, व्याज धरावे, रुपयाचा घसरता भाव धरावा. तेथे राहून नोकरी करण्याची परवानगी तर परक्या सरकारच्या मर्जीची गोष्ट. उलटपक्षी, काही योजनांत सहभागी कंपन्यांच्या साहाय्याने फीचा काही भाग सुटतो. परंतु तशी निवड व्हावयाची तर अनुभवी उमेदवारच बहुधा पुढे जातो. वधूवर सूचीत नावापुढे दोन पदव्या शोभून दिसतात हे मला मान्य आहे. मात्र त्या शोभेचा हप्ता वडिलांच्या निवृत्तिवेतनातून जाऊ नये.

आणखी एक गोष्ट बोलणे भाग आहे. मुलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पदवीसाठी ज्या घरातून अर्ज येतो, त्याच घरातील मुलीच्या पहिल्या पदवीविषयी ‘पुढील वर्षी पाहू’ असे उत्तर मी ऐकले आहे. निधी एकच, आणि तो सर्वांच्या वर्गणीचा.

यास्तव मी कार्यकारिणीस लेखी सूचना दिली आहे. जोडपदवीस कर्ज जरूर द्यावे. मात्र अर्जदाराने दोन वर्षे नोकरी वा धंदा केलेला असावा, आणि तेथे त्यास कोणता प्रश्न पडला, हे त्याने स्वतःच्या हाताने एक पानभर लिहून द्यावे. पहिल्या पदवीचे व डिप्लोमाचे अर्ज त्याआधी निकालात निघावेत. सूचना पुढील सभेत चर्चेस येईल. ज्या पालकांना ती जाचक वाटते त्यांनी सभेस अवश्य यावे व आपले म्हणणे मांडावे.