गुरुजींचा पगार आणि बाजारातली महागाई



लोह्याचा बाजार करून परत येताना तुम्ही म्हणता, "पैसा तेवढाच नेला, पण पिशवी अर्धीच भरली." हीच महागाई. रुपया तोच असतो, पण त्यात माल कमी येतो.

कायम शिक्षकाला यासाठी महागाई भत्ता मिळतो. तेल, डाळ, कापड, घरभाडे यांच्या भावांची सरकार नोंद ठेवते. भाव चढले की भत्ता वाढतो. भत्ता म्हणजे बक्षीस नव्हे. झिजलेल्या पगाराला लावलेले ते ठिगळ आहे.

पण सगळेच गुरुजी कायम नसतात. २००० साली महाराष्ट्रात शिक्षण सेवक योजना सुरू झाली. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे ठरलेल्या मानधनावर काम करतो. त्याला महागाई भत्ता नसतो. प्राथमिक शाळेच्या शिक्षण सेवकाला २०२२ साल सरेपर्यंत महिना ६,००० रुपये मिळत.

आता हिशेब करू. तीस दिवसांचे ६,०००, म्हणजे दिवसाला २०० रुपये. त्याच २०२२ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. मजुराला महिनाभर काम मिळत नाही, हे खरे. पण शिकवणाऱ्याचा दिवस त्याच्याहून स्वस्त ठरला, हेही खरे.

१ जानेवारी २०२३ पासून हे मानधन १६,००० झाले. बरे झाले. पण हीही बांधलेलीच रक्कम. भाव रोज पळतात, ती जागची हलत नाही.

तुमच्यातला कोणी विचारील, "गुरुजी, आम्हा शेतकऱ्यांना कुठला महागाई भत्ता?" प्रश्न रास्त आहे. याचे गोड उत्तर आमच्यापाशी नाही. पण एकाची भाकर लहान केल्यानं दुसऱ्याची मोठी होत नाही.

परगावचा तरुण शिक्षक खोलीचे भाडे भरतो, घरी आईबापाला पैसे पाठवतो. महिनाअखेर खिसा रिकामा. मग त्याचे चित्त वर्गात कसे लागेल? नुकसान होते ते आपल्याच लेकरांचे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सभासद पालक असतात. निम्म्या सभासद बाया असतात. तुम्हाला आता वाचता येते. समितीत बसा. कागद वाचून मगच सही करा. आणि दोन प्रश्न विचारा. लेकरं काय शिकली? गुरुजींचे मानधन वेळेवर आले का?

पहिला प्रश्न विचारणाऱ्याने दुसराही विचारावा. दुसरा विचारणाऱ्याने पहिला विसरू नये.