हरलेल्या मताचे काय करायचे?



देशाची मतदानपद्धत बदलावी की नाही, हा वाद दिल्लीत गेली कित्येक वर्षे चालू आहे. न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांच्या विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात लोकसभेच्या जागा पाव हिश्शाने वाढवून त्या वाढीव जागा पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात भराव्यात, असे सुचवले. २०१५ च्या २५५ व्या अहवालातही मिश्र पद्धतीची बाजू मांडली गेली. दोन्ही अहवाल कपाटातच राहिले, कारण आजच्या पद्धतीवर निवडून आलेल्यांनाच ती पद्धत बदलावी लागणार होती. म्हणून आज मी दिल्लीपासून नव्हे, आपल्या जालन्यापासून सुरुवात करतो. माझे म्हणणे थोडक्यात असे : संसदेसाठीचा वाद चालू राहू द्या, पण महानगरपालिकेच्या बहुसदस्य प्रभागांत मते मोजण्याची रीत बदलता येते, ती बदलली पाहिजे, आणि त्यासाठी परदेशाकडे बघण्याचीही गरज नाही.

आधी दुखणे नेमके कुठे आहे ते पाहू. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते पडली तो निवडून येतो. ती निम्म्याहून अधिक असावी लागत नाहीत. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात चौरंगी लढत झाली आणि निकाल अवघ्या २९६ मतांनी लागला. विजेत्याची मते एकूण मतांच्या पाव हिश्शाच्या आसपास होती. २०२४ मध्ये परतूरला पहिल्या दोघांत पाच हजारांहूनही कमी अंतर होते आणि तिसऱ्या उमेदवाराने पन्नास हजारांहून अधिक मते घेतली होती. यात कोणाची लबाडी नाही. नियमच तसा आहे. हा नियम कुठल्या एका पक्षाचा कैवारीही नाही. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मते जवळपास सारखी होती, तरी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या. सहा महिन्यांत विधानसभेला पारडे उलटे फिरले आणि निम्म्याच्या आसपास मतांवर महायुतीला २८८ पैकी २३० हून अधिक जागा मिळाल्या. आज जो या नियमाने सुखावतो, तोच उद्या त्याने पोळतो.

एका जागेसाठी निवडणूक असेल तर कोणीतरी एकच निवडून येणार, हे समजू शकते. पण जानेवारी २०२६ मध्ये जालना महानगरपालिकेची पहिली निवडणूक झाली, ती ६५ जागांसाठी आणि प्रामुख्याने चार-चार जागांच्या प्रभागांतून. एका प्रभागात चार प्रतिनिधी असतील तर तिथल्या वेगवेगळ्या मतांना वाटा मिळेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात अ, ब, क, ड अशा चार जागांच्या चार स्वतंत्र लढती होतात आणि मतदार प्रत्येक लढतीत एक बटण दाबतो. समजा, शंभर मतदारांत एका पॅनेलचे चाळीस, दुसऱ्याचे पस्तीस आणि तिसऱ्याचे पंचवीस मतदार आहेत. पॅनेलप्रमाणे मतदान झाले तर चारही जागा चाळीसवाल्यांच्या पदरात पडतात आणि साठ मतदारांच्या वाट्याला एकही नगरसेवक येत नाही. प्रभाग मोठा केल्याने अन्याय कमी झाला नाही, उलट चौपट झाला.

यावर उपाय आपल्याच इतिहासात आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई प्रांतातल्या बहुसदस्य मतदारसंघांत संचित मतदानाची पद्धत होती. जितक्या जागा तितकी मते. ती वेगवेगळ्या उमेदवारांना द्या किंवा सगळी एकालाच द्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा या पद्धतीकडे कल होता, आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्याच निवडणुकीत विधानसभेत प्रवेश केला. वरच्या उदाहरणात ही पद्धत लावून पाहा. पंचवीस मतदार आपली सगळी मते एकाच उमेदवारावर टाकतील, पस्तीसही तसेच करतील आणि चाळीसवाले आपली मते दोघांत वाटतील. निकाल दोन, एक, एक. चार जागांच्या प्रभागात एक पंचमांशाहून अधिक मतदार एकवटले तर त्यांची एक जागा कोणी हिरावू शकत नाही.

आता आक्षेप पाहू. पहिला खुद्द बाबासाहेबांच्या नावाने घेतला जाईल. ४ जानेवारी १९४९ रोजी संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी संचित मतदानाचीच दुरुस्ती मांडली होती, आणि बाबासाहेबांनी तिला विरोध केला. साक्षरता कमी आहे आणि देशाला स्थिर सरकार हवे, ही त्यांची मुख्य कारणे होती. ती कारणे वजनदार होती. म्हणूनच ती महापालिकेला लागू पडतात का, हे तपासले पाहिजे. महापालिकेत मंत्रिमंडळ नसते; कारभार आयुक्त चालवतात, त्यामुळे बहुमत डळमळले तरी सरकार पडत नाही. उलट स्थायी समितीतल्या जागा आणि स्वीकृत नगरसेवक आजही पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसारच ठरतात. जे तत्त्व सभागृहात शिरल्यावर मान्य, ते सभागृहाच्या दारात का नको? साक्षरतेचे म्हणाल तर पसंतीक्रम लिहिण्याच्या पद्धतीत अडचण खरीच आहे. पदवीधर मतदारसंघातसुद्धा हजारो मते बाद होतात. संचित मतदानात आकडे लिहायचे नाहीत. आज चार बटणे दाबायची, उद्याही चारच. यंत्रात मात्र एकाच उमेदवाराला पुन्हा मत देण्याची सोय करावी लागेल.

दुसरा आक्षेप आरक्षणाचा. अ, ब, क, ड हे गट मोडले तर महिला आणि राखीव प्रवर्गांच्या जागांचे काय? त्या जागा कमी होण्याचे कारण नाही. प्रभागातली राखीव जागा आधी त्या प्रवर्गातल्या सर्वाधिक मतांच्या उमेदवाराला द्यायची आणि उरलेल्या मग भरायच्या. १९३७ मध्येही राखीव जागा अशाच बहुसदस्य मतदारसंघांत होत्या. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. आरक्षणाच्या आंदोलनांमुळे आंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही नावे ज्या जिल्ह्यातून राज्यभर गेली, तिथे अशा पद्धतीने जातीचे गठ्ठे अधिक घट्ट होतील, अशी भीती आहे. ती मी झटकून टाकत नाही. पण आजच्या पद्धतीत ही गणिते होत नाहीत का? मतविभागणीचा धाक घालून, ‘आपला माणूस पडेल’ म्हणून जातीची एकजूट मागितली जाते, कारण एक पाऊल मागे पडले की सगळेच जाते. हरणाऱ्यालाही एक जागा मिळणार असेल, तर त्या धाकाची धार बोथट होते. शिवाय जात ओलांडून एकत्र येणाऱ्या झोपडपट्टीवासीयांना, भाडेकरूंना आणि हमालांनाही तीच वाट मोकळी होते.

उरतो प्रश्न, हे कोणी आणि केव्हा करायचे. संविधानाच्या कलम २४३-आर प्रमाणे नगरसेवक प्रभागांतून थेट निवडले गेले पाहिजेत. ती अट संचित मतदानातही पाळली जाते. बाकी तपशील राज्याच्या कायद्याचा आहे, त्यामुळे विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला तर पुरे. मात्र आपल्या राज्याची सवय चांगली नाही. थेट सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. प्रभाग चार सदस्यांचे होते. कायद्याने ते एकाचे ठरले, मग तीनचे, मग पुन्हा चारचे. यातले बरेच बदल सत्तापालटाच्या पाठोपाठ आले. बदल कसा करावा, यासाठी मात्र न्यूझीलंड पाहण्यासारखा आहे. त्या देशाने आपली मतदानपद्धत बदलली ती १९८६ च्या आयोगाच्या अहवालानंतर, १९९२ आणि १९९३ अशी दोनदा जनतेला विचारून. म्हणूनच २०११ मध्ये पुन्हा विचारले तेव्हाही लोकांनी ती टिकवली. आपणही सर्वपक्षीय समितीकडून, सुनावण्या घेऊन, पुढच्या निवडणुकीच्या बऱ्याच आधी हे ठरवले पाहिजे. जालन्याची पुढची महापालिका निवडणूक २०३१ मध्ये अपेक्षित आहे. तेव्हा कोण चाळीसवाला असेल आणि कोण पंचवीसवाला, हे आज कोणालाच ठाऊक नाही. नियम न्याय्य ठरवायचा असेल तर तो याच काळात ठरवावा, आणि तशी मागणी पहिल्यांदा या शहरातून व्हावी, एवढीच माझी विनंती आहे.