गुंगीचें माप

फेब्रुवारी २०१९ मध्यें यवतमाळकडील टिपेश्वर अभयारण्यांत एका तरुण वाघाच्या गळ्यांत रेडिओ-पट्टा बांधण्यांत आला. महाराष्ट्र व तेलंगणाचीं रानें तुडवीत, सुमारें १,३०० किलोमीटर चालून तो डिसेंबरांत बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला.

वाघास पट्टा बांधावयाचा म्हणजे आधीं गुंगी आणणें आलें. झायलाझीन व केटामीन हीं त्या कामींचीं नेहमींचीं औषधें. मात्रा ठरते वजनावर. पण अरण्यांत तराजू कोठला? तेथें अंदाजच. मात्रा कमी पडली तर माणसाच्या जिवावर बेततें, अधिक झाली तर जनावराच्या. झायलाझीनवर उतारा आहे, केटामीनवर नाहीं. तें यकृतानेंच जिरवावें लागतें. जिरतां जिरतां त्याचें नॉरकेटामीन बनतें व त्यांतही सौम्य गुंगी असते.

म्हणून एखादें जनावर दगावलें, तर केवळ रक्त पाहून भागत नाहीं. मूत्र, यकृत आणि मेंदूही तपासावा लागतो. गुंगी चढते ती मेंदूंतच! तेथील मूळ औषध व त्याचें रूपांतर हीं दोन्हीं आजचीं यंत्रें ग्रॅमच्या अब्जांशापर्यंत मोजतात. असे अंक जपून ठेवले, तर पुढील वाघासाठींची सुई अधिक निर्धास्त हातानें भरतां येईल.